मल्लव्वाची खातरजमा

माणसाला स्वतःबद्दल फार थोडं ठाऊक असतं, आणि जे ठाऊक असतं तेही तो सोयीनं सांगतो. म्हणून एखाद्याविषयी खरं जाणून घ्यायचं असेल तर त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारावं, ही रीत जगात फार जुनी आहे. मंद्रूपच्या वरच्या गल्लीत हे काम केराबाई करत असे. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या घरी कालचं कालवण आज तापवलं, कोणाच्या पोराला शहरात नोकरी लागली नसून तो तिथं नुसताच राहतो, ही सगळी माहिती तिच्यापाशी ताजी असे आणि मागेल त्याला मिळे. न मागेल त्यालाही मिळे.

पण केराबाईच्या कारभारात मोठे दोष होते. तिला विसर पडे. तिच्याशी भांडता येई. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, आपल्याविषयी कोण बोललं हे माणसाला कळे. प्रगत समाजाला असलं चालत नाही. हे दोष काढून टाकून तेच काम शास्त्रशुद्ध पद्धतीनं करणाऱ्या संस्था आता निघाल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ‘खातरजमा ग्राहक माहिती केंद्र’ आहे, ते अशांपैकीच एक. खाली चष्म्याचं दुकान आहे. (डोळे तपासायला खाली, माणूस तपासायला वर.)

हे केंद्र माणसाची माहिती गोळा करतं. तुम्ही कुठं राहता, आधी कुठं राहत होता, आणि तिथून का निघालात. गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरतं. कोणत्या दवाखान्यात गेलात, औषधाचा डोस पुरा केलात की मध्येच सोडलात. फोन रात्री कुठं निजतो. या सगळ्याचं पीठ मळून केंद्र त्याची भाकरी थापतं, तिला ‘खातरजमा अहवाल’ म्हणतात, आणि तिच्यावर शंभरापैकी गुण घालतं. घरमालक, नोकरी देणारे, विमा उतरवणारे, सोयरीक जमवणारे, सगळे हा अहवाल मागवतात. ज्याच्याविषयी अहवाल असतो तो सोडून सगळे. संमती घेतल्याशिवाय केंद्र कसलीही माहिती घेत नाही. ती संमती आपण केव्हा दिली हे माणसाला आठवत नाही, पण केंद्राला आठवतं. माहिती कुठून मिळते हे मात्र केंद्र सांगत नाही, कारण ती खासगी बाब आहे.

तर अशा या केंद्रात एके दिवशी मल्लव्वा बिराजदार हिचा अहवाल निघाला आणि यंत्र पाऊण तास गरम झालं.

मल्लव्वाची वरच्या गल्लीत पिठाची गिरणी. नवरा गुरुशांत वारल्यापासून ती एकटीच चालवते. गल्लीत पहिला मोबाइल आला तो या गिरणीत. दळण झालं का हे विचारायला लोकांना हेलपाटा पडू नये, अशी गुरुशांतची कल्पना. (लोक तरीही येऊनच विचारत. गल्लीत मोबाइल एकच, आणि तो गिरणीत; विचारणार कशावरून?) पुढं घरोघर मोबाइल झाले, पण त्यांच्या नंबरांना काही बूड नव्हतं. ज्या कंपनीची सवलत, तिचं कार्ड. सवलत संपली की कार्ड उकिरड्यावर. मल्लव्वाचा नंबर मात्र गिरणीच्या दगडासारखा जागचा हलला नाही. शिवाय त्याच्या शेवटी पाचाचा आकडा ओळीनं चार वेळा उभा, त्यामुळं पोरांना तो पाढ्यांच्या आधी पाठ होई.

तेव्हापासून गल्लीची रीतच पडली. कचेरीत, दवाखान्यात, दुकानात कोणी ‘नंबर सांगा’ म्हणालं की म्हणायचं, ‘मल्लव्वाचा घाला.’ रेशनला तोच, गॅसला तोच, बाळाच्या डोसाला तोच, पोराच्या दहावीच्या अर्जावर तोच, म्हशीच्या कानात सरकारी बिल्ला मारला तेव्हा त्यावरही तोच. यात लबाडी नव्हती. हातपंप गल्लीचा, देऊळ गल्लीचं, तसा नंबरही गल्लीचा. त्याला स्वतंत्र मालक असावा लागतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मल्लव्वाही तो कारभार निगुतीनं बघे. गिरणीच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कोणाचा ओटीपी आला की ती दारात येई आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी आकडे दाखवी. पाच बोटं, दोन बोटं, मूठ म्हणजे शून्य, पाचाच्या पुढं दोन्ही हात. समोरच्या ओट्यावरचा माणूस ते वाचून पलीकडच्या साहेबाला सांगे आणि सिलिंडर घरी येई. देशात डिजिटल क्रांती झाली असं जे म्हणतात, तिचा वरच्या गल्लीतला सगळा भार मल्लव्वाच्या दहा बोटांवर होता.

मल्लव्वाची मुलगी चंद्रिका. रक्त-लघवी तपासायचं शिक्षण घेऊन सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. एसटीनं जाऊन-येऊन करायची. दवाखान्यानं तिला कळवलं की पुढच्या महिन्यापासून रातपाळी; शहरात राहायची सोय केली तर नोकरी पक्की, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. रातपाळीच्या वेळेला मंद्रूपहून एसटी नसते. म्हणजे खोली मिळाली तर नोकरी, नाहीतर चंद्रिका पुन्हा गिरणीत. आणि मल्लव्वानं गुरुशांत गेल्या दिवसापासून एकच गोष्ट मनाशी धरली होती: या पोरीच्या डोक्यावर पीठ पडू द्यायचं नाही.

खोली मिळाली. शहराच्या जुळे सोलापूर भागात, महेश्वर नावाच्या निवृत्त हेडक्लार्काच्या गच्चीवर. माणूस सज्जन. आयुष्यभर कागद बघितल्यामुळं माणूस बघायची त्याला सवय नव्हती इतकंच. तो म्हणाला, “मुलगी चांगली दिसते. पण दिसण्याचं काय? कुटुंबप्रमुखाचा खातरजमा अहवाल मागवतो, आला की चावी.” आणि त्यानं मल्लव्वाचा अहवाल मागवला. तो थोडक्यात असा होता:

नाव: मल्लव्वा गुरुशांत बिराजदार.

वय: अडीच महिने ते एकोणनव्वद वर्षं.

लिंग: स्त्री, पुरुष. (पुरुष अंमळ जास्त.)

वैवाहिक स्थिती: विधवा, विवाहित, अविवाहित. सध्या दोन ठिकाणी स्थळं पाहणं चालू.

कुटुंबातील व्यक्ती: एकशे बारा.

शिक्षण: दहावीला चौदा वेळा बसली, नऊ वेळा उत्तीर्ण. उत्तीर्ण झाल्यावरही पुन्हा बसण्याची खोड.

आरोग्य: गेल्या वर्षात सात बाळंतपणं व एक अंडवृद्धीची शस्त्रक्रिया. त्याच आठवड्यात हरभऱ्याची फवारणी केल्याची नोंद. कष्टाळू.

आहार: दर तीन दिवसांना दोन सिलिंडर. घरात खानावळ असावी किंवा लग्न संपत नसावं.

कौटुंबिक आनंदवार्ता: चार वेळा गाभण.

स्वभाव: अत्यंत चंचल. फोन मात्र एकाच जागी असतो. अंथरुणाला खिळलेली असण्याची शक्यता.

घरमालकास शिफारस: स्लॅबची ताकद इंजिनिअरकडून तपासून घ्यावी.

गुण: शंभरापैकी उणे अकरा. (शून्याच्या खाली जाण्याची सोय यंत्रात नव्हती. ती करून घेण्यात आली.)

महेश्वरनं चंद्रिकाला फोन केला. “पोरी, तुझ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुझी आई एकशे बारा माणसं आहे.”

“काका, आई एकटीच आहे हो.”

“एकटी असती तर बरंच होतं. खोली दहा बाय बारा. वर पाण्याची टाकी. आणि बरोबर खाली आम्ही झोपतो.”

चंद्रिकानं घरी येऊन अहवाल वाचून दाखवला. मल्लव्वानं पट्टा थांबवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाळंतपणं सात?”

“सात लिहिलीत.”

“आठ झाली की गं. दानम्माची पायल धरून आठ. एक ऱ्हायलं वाटतं त्यांचं घालायचं.”

“अव्वा, ती तुझ्या नावावर घातलीत!”

“ते कळलं मला. पर घालायची तर नीट घालावीत की.”

दुसऱ्या दिवशी मल्लव्वा धुवट लुगडं नेसून सात रस्त्याला गेली. केंद्रात तक्रार निवारण अधिकारी म्हणून अभिमन्यू नावाचा तरुण बसतो, मूळचा केम गावचा. फार मृदू बोलतो. आजवर एकाही माणसाला त्यानं ‘तुमचं काम होणार नाही’ असं म्हटलेलं नाही आणि आजवर एकाही माणसाचं काम झालेलं नाही, यावरून त्याच्या बोलण्यातली कला ध्यानात यावी.

“मावशी, चूक कुठं आहे तेवढं सांगा. आपण लगेच दुरुस्त करू.”

“कुटं म्हंजे? मी बाई हाय.”

“आहात की. हे बघा, स्त्री लिहिलंय. पुरुषही लिहिलंय.”

“पुरुष न्हाय मी.”

“काही पुरावा?”

मल्लव्वानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं प्रश्न मागं घेतला. (अशा बघण्यासाठी रकाना नसल्यामुळं ते अहवालात आलेलं नाही.)

“बरं, एकेक नोंद घेऊ. हे अंडवृद्धीचं ऑपरेशन. हे तुमचं नाही म्हणता?”

“आवं, ते गुरप्पाचं! अक्क्या गल्लीला ठावं हाय. दोन वर्सं बिचारा धोतर सावरत चालायचा.”

“छान. मग प्रश्नच मिटला. गुरप्पांनी फक्त ते आपलं म्हणून मान्य करायचं. मी त्यांच्या नोंदलेल्या नंबरवर आत्ता ओटीपी पाठवतो, तो त्यांनी सांगितला की नोंद तुमच्या खात्यातून जाईल.”

त्यानं पाठवला. मल्लव्वाच्या कमरेच्या पिशवीत फोन किणकिणला. तिनं काढला, बघितला, आणि सवयीनं दोन्ही हात वर केले. चार बोटं, मूठ, नऊ बोटं, एक बोट.

अभिमन्यूनं ती बोटं मोजून आकडे यंत्रात घातले. मग फार हळुवार आवाजात म्हणाला, “आला की, मावशी. म्हणजे गुरप्पा तुम्हीच.”

त्या दिवशी त्यानं बाळंतपणांपासून म्हशींपर्यंत सोळा नोंदी तपासल्या आणि सोळाही मल्लव्वाच्याच निघाल्या. सकाळपर्यंत त्या नुसत्या संशयास्पद होत्या. आता त्या सिद्ध झाल्या. गुण आणखी पाचांनी उतरले.

संध्याकाळी गिरणीपुढं गल्ली जमली. केराबाई सगळ्यात जास्त तापली होती. “मी इतकी वर्सं सगळ्यांच्या खबरा ठेवल्या,” ती म्हणाली, “पर एकाचं दुसरीच्या पदरात घातलं न्हाय कदी. हे कसलं मेलं हापिस!”

गुरप्पाला तर आपलं ऑपरेशन बाईच्या नावावर गेल्याचं फारच लागलं होतं. “दुखणं मी सोसलं,” तो म्हणाला, “आन् नाव हिचं?”

ठरलं असं की सगळ्यांनी केंद्रात जाऊन साहेबासमोर उभं राहायचं. एवढी तोंडं डोळ्यांनी बघितल्यावर ही एकच बाई आहे असं कोण म्हणेल? मल्लव्वाच्या पोरीची नोकरी म्हणजे गल्लीची अब्रू. टेम्पो ठरला. त्रेचाळीस माणसं चढली, त्यात तीन लेकुरवाळ्या आणि पंचाऐंशीच्या सुंदरम्मा, ज्यांना कुठं चाललोय हे माहीत नव्हतं पण टेम्पोत जागा होती. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं गाठोडंही घेतलं होतं.

केंद्राच्या दारात सुरक्षेसाठी एक यंत्र आहे. आत जाणाऱ्यानं त्यात नाव आणि मोबाइल नंबर सांगायचा, समोरच्या काचेत बघायचं, मग दार उघडतं. अत्यंत शिस्तशीर व्यवस्था. पहिली केराबाई गेली.

“नाव?”

“केराबाई.”

“मोबाइल नंबर?”

आणि केराबाई, जिच्या कमरेला स्वतःचा चालू मोबाइल खोचलेला होता, ती केराबाई खणखणीत आवाजात म्हणाली, “मल्लव्वाचा घाला!” आणि तिनं दहाही आकडे म्हणून दाखवले.

तिच्या मागून दानम्मानं तोच सांगितला. तिच्या मागून गुरप्पानं. एकामागून एक त्रेचाळीस जणांनी एकच नंबर देवळातल्या आरतीसारखा म्हटला, आणि जिन्यात उभ्या मल्लव्वाच्या पिशवीत फोन किणकिणत राहिला. तिनं “आरं, तुमचा सांगा, तुमचा!” म्हणून ओरडून बघितलं. गुरप्पानं वळून विचारलं, “माझा मला पाठ कुटं हाय?” त्याचं बरोबर होतं. स्वतःला फोन करायची वेळ माणसावर कधी येते?

सर्व मंडळी आत पोचली तेव्हा अभिमन्यूच्या पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली होती. अर्जदार मल्लव्वा बिराजदार ही आज एका तासात त्रेचाळीस वेळा कार्यालयात आली असून दर वेळी वेगळ्या वेशात होती. वेषांतरात असामान्य कौशल्य. एकदा मिशा. गुण: उणे साठ.

अभिमन्यूनं मान वर करून पाहिलं. समोर त्रेचाळीस माणसं उभी, एकाच्या कडेवरचं पोर रडतंय, सुंदरम्मा खुर्चीवर बसून पानाला चुना लावतायत. त्यानं पुन्हा पडदा बघितला. दोहोंपैकी एकावर विश्वास ठेवायचा होता, आणि पगार पडद्याकडून येत होता.

“मावशी,” तो म्हणाला, “तुम्ही फारच मोठ्या संख्येनं आलात.”

तरीही तो मनानं वाईट नव्हता. मल्लव्वा रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. रडणाऱ्यांसाठी पाणी ठेवलेलं असतं. पण ती रडली नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, “लेकरा, तुजं हापिस खोटं न्हाय, माजी गल्ली बी खोटी न्हाय. मग माज्या पोरीनं काय करावं ते तू सांग.” यावर काय बोलावं हे प्रशिक्षणात नव्हतं. म्हणून अभिमन्यूनं नोकरीत पहिल्यांदाच विचार केला.

आणि त्याला सापडलं. चूक माहितीत नव्हतीच, चूक वर्गवारीत होती! एकशे बारा माणसांचा माणूस संशयास्पद असतो, हे खरं. पण एकशे बारा माणसांची संस्था? ती तर किरकोळ. त्यानं ‘व्यक्ती’ या शब्दासमोरची खूण काढून ‘संस्था’ या शब्दासमोर केली, आणि पडदा हिरवा झाला. माहितीतलं अक्षरही बदललं नाही. तीन दिवसांना दोन सिलिंडर म्हणजे अन्नछत्र. सात बाळंतपणं म्हणजे माता-आरोग्य सेवा. चौदापैकी नऊ म्हणजे शैक्षणिक उपक्रम, निकाल चौसष्ट टक्के. गाभण म्हशी म्हणजे दुग्धविकास. स्थळं पाहणं म्हणजे वधू-वर सूचक विभाग. फोन जागचा हलत नाही म्हणजे कायम पत्ता. गुण: एक्क्याण्णव.

मल्लव्वा केंद्रात बाई म्हणून चढली आणि संस्था होऊन उतरली. गल्लीनं खाली चष्म्याच्या दुकानापुढंच गाठोडं सोडून भाकरी खाल्ली.

महेश्वरला नवा अहवाल फार आवडला. एवढी नामांकित संस्था आपल्या गच्चीवर येणार म्हणून त्यानं पायरीला रंग दिला. फक्त एक अडचण निघाली. संस्थेला मुलगी नसते. तेव्हा चंद्रिका ही मुलगी कोणाचीच नाही असं ठरून, नियमाप्रमाणे आता खुद्द तिचाच अहवाल मागवावा लागला.

चंद्रिका शिकलेली. नोकरी लागल्या दिवशीच तिनं स्वतःच्या नावाचं कार्ड घेतलं होतं आणि गल्लीला बजावलं होतं की मी माझा नंबर माझाच देणार. दुकानात, ॲपवर, प्रत्येक ठिकाणी तिनं तो न चुकता दिला. त्यामुळं तिचा अहवाल एका मिनिटात निघाला. त्यात एकही चूक नव्हती.

आठवड्यातून चार दिवस दुपारी जेवत नाही. चहा आणि एक बनपाव. फेब्रुवारीत पोटाच्या दुखण्याचं औषध घेतलं, तिसऱ्या दिवशी सोडलं. हैदराबादच्या दोन नोकऱ्यांची चौकशी करून ठेवली आहे. एका गुरुवारी कामावर रजा सांगितली आणि तळ्याच्या काठी दोन तास एकटी बसली. पुढच्या महिन्यापासून रात्री घराबाहेर राहील. वर्षाच्या आत खोली सोडण्याची शक्यता बहात्तर टक्के. गुण: एक्केचाळीस.

महेश्वरनं चावी पुन्हा खिळ्याला अडकवली. मायलेकी दोघी सात रस्त्याला आल्या. चंद्रिकानं कागद अभिमन्यूपुढं ठेवला. “हे दुरुस्त करा.”

“यात चुकीचं काय आहे?”

तिनं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

“दवाखाना चुकला? चहा? तो गुरुवार?”

“नाही. पण हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच, ताई. संमती आहे.” मग त्यानं मनापासून खेद व्यक्त केला. “आम्हाला फक्त चुकीची माहिती दुरुस्त करता येते. तुमची बरोबर आहे.”

जिन्यात चंद्रिका पायरीवर बसली. तिच्या शेजारी मल्लव्वा बसली. तो कागद तिनं पोरीला पुन्हा वाचायला लावला आणि चहा-बनपावापाशी थांबवलं.

“दुपारची जेवत न्हाईस?”

“कँटीन महाग आहे, अव्वा.”

“आन् तळ्यावर?”

“काही नाही गं. त्या दिवशी एक सॅम्पल माझ्या हातून सांडलं. सगळ्यांपुढं बोलले मला.”

“मला का न्हाय सांगितलंस?”

“तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ये परत.”

मल्लव्वानं नाकारलं नाही. आपली पोर कशी जगते हे आईला शहरातल्या कागदावरून कळावं, आणि ते आधी घरमालकानं वाचलेलं असावं, हीही प्रगतीच. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं, थोडं पीठ लागलं. मग म्हणाली, “तुजं कार्ड काढ त्या फोनातनं.”

“आणि?”

“आन् काय? माजा घाल.”

चंद्रिकानं दुसऱ्या दिवशी नवा अर्ज केला, नंबराच्या जागी आईचा. यंत्रानं तिला क्षणात ओळखलं: संस्थेचा आरोग्य विभाग. गुण एक्क्याण्णव, संस्थेचेच. ती कुठं जेवते, कुठं बसते, केव्हा परत येते, याविषयी एकशे बारा प्रकारची माहिती उपलब्ध होती आणि त्यातली कोणती तिची हे सांगणं शास्त्राला शक्य नव्हतं. महेश्वरनं चावी तर दिलीच, वर संस्थेला शुभेच्छा दिल्या. पहिल्या रातपाळीला मल्लव्वानं डबा पाठवला, भाकरी, शेंगाचटणी आणि पिठलं, आणि तो चंद्रिकानं पूर्ण खाल्ला. याची कुठंही नोंद नाही.

महिनाभरात दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांनी तो नंबर लिहून घेतला. मग त्यांच्या बहिणींनी. अलीकडं मैंदर्गीकडूनही नवे सभासद येतात असं कळतं. संस्था चारशेच्या पुढं गेली आहे आणि केंद्राच्या वार्षिक अहवालात जिल्ह्यातली सर्वाधिक विश्वासार्ह म्हणून तिचा गौरव झाला आहे. मल्लव्वानं मदतीला एक बाई ठेवली आहे, कारण चारशे माणसांचे आकडे दहा बोटांत मावत नाहीत.

मंद्रूपच्या या भोळ्या माणसांचं तुम्हाला वाचताना हसू आलं असेल, आणि ते साहजिक आहे. तुम्ही जाणते आहात. तुमचा नंबर तुमचा एकट्याचा आहे, तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि भाजीच्या मॉलमधल्या मुलीनं मागण्याआधीच तुम्ही तो तिला सांगता. तेव्हा तुम्ही निर्धास्त असावं. तुमच्या अहवालात एकही चूक नाही. केंद्रानं तो दोनदा तपासून घेतला आहे, आणि ज्यांना हवा होता त्यांनी तो केव्हाच वाचला आहे.